कारणाचा गाळा

पुण्याच्या मार्केट यार्डात कशाचाही भाव विचारा, आकडा मिळतो. कांदा दहा किलोवर, कोथिंबीर शेकड्यावर, हापूस पेटीवर. अडत्याला पहाटे तीनला झोपेतून उठवून विचारलं तरी तो आजचा भाव सांगेल, कालचा सांगेल आणि उद्याचा सुचवेल. आता याच यार्डाच्या दारात उभ्या असलेल्या भाजीच्या व्हॅनकडे बोट दाखवून विचारा, "काय हो, हिची बॅटरी सारखी का उतरते?" आकडा एकही येत नाही. सल्ले येतात, तेही घाऊक.

"डुप्लिकेट बॅटरी गळ्यात मारली तुझ्या." "डायनॅमो गेलाय." "पाणी बघितलं का?" "टर्मिनलला व्हॅसलीन लाव, माझ्या मेहुण्याची गाडी त्यानंच सुधारली." "रोज दहा मिनिटं चालू ठेवत जा." "रात्री वायरच सोडून ठेव, कटकट नको." आणि हे सगळं करून थकलेला एक अनुभवी गृहस्थ कडेला उभा असतो. तो चहाचा घोट घेऊन म्हणतो, "विकून टाक, दादा."

गुलटेकडीच्या या आवारात तोलणं हा परवान्याचा धंदा आहे. तोलणार वेगळा, हमाल वेगळा, अडत्या वेगळा. पोत्यामागे शंभर ग्रॅम कमी भरले तर आवाज गाळ्यातून निघतो तो गंगाधाम चौकापर्यंत ऐकू जातो. त्याच आवाजाच्या मालकाच्या गाडीतून रात्रभर वीज गळते, आणि तिचं माप तो अंदाजाने सांगतो. म्हणजे सांगतच नाही, मेहुण्याचं उदाहरण देतो.

*

या रोगाला मार्केट यार्डात वारही ठरलेला आहे. फळं-भाज्यांचा बाजार शनिवारी बंद असतो आणि रविवारी आठवड्यातली मोठी आवक असते. शुक्रवारी दुपारी बाराला उभी केलेली गाडी रविवारी पहाटे तीनला सुरू करायची, म्हणजे मध्ये ३९ तास गेले. एवढ्या वेळात कुणीतरी गुपचूप ०.४ अँपिअर ओढत असेल, म्हणजे पाच वॅटचा एक बारका दिवा जळत असेल, तर साडेपंधरा अँपिअर-तास संपले. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. कागदावर निम्म्याहून थोडी जास्त उरली. पण दोन-तीन वर्षं वापरलेली बॅटरी पस्तीसची पस्तीस राहिलेली नसते, आणि यार्ड ते बिबवेवाडी अशा आखूड फेऱ्यांत ती काठोकाठ भरतही नाही. त्यामुळे ज्या पहाटे माल सगळ्यात जास्त, त्याच पहाटे सेल्फ "कट्" म्हणतो आणि गप्प होतो.

सोमवार ते शुक्रवार गाडी शहाण्यासारखी वागते, म्हणून मालकाचा संशय गाडीवर जात नाही, रविवारवर जातो. शनिवारी नवं लिंबू-मिरची बांधूनही रविवारी गाडी हलली नाही, की चर्चा मिरची कुठल्या गाळ्यावरून घेतली यावर होते. व्होल्ट किती होते, हे विचारायला कुणी येत नाही.

धक्का द्यायला मात्र सगळे येतात. चार जण मागून, एक जण बाजूने, दोघे नुसते "अजून जोर, अजून जोर" म्हणायला. दुसऱ्या गिअरला क्लच सोडला की गाडी खोकून सुरू होते. टाळ्या पडतात, तंबाखूची पुडी फिरते, आणि प्रश्न सुटला असं सर्वानुमते ठरतं. पुढच्या रविवारपर्यंत.

*

पहिला आळ सेल्फवर येतो. "सेल्फ कमी मार रे, बॅटरी खातो तो." सेल्फ बदनाम आहे, कारण तो आवाज करतो. किल्ली फिरवली की तो दीडशे अँपिअरच्या आसपास ओढतो, हे खरं. आकडा ऐकून माणूस दचकतो आणि पुढचा हिशोब करतच नाही. तो आपण करू. दीडशे अँपिअर, तीन सेकंद. झाला एका अँपिअर-तासाचा आठवा हिस्सा. इंजिन लागलं की ऑल्टरनेटर तेवढं काही मिनिटांत परत भरतो.

आणि तो ०.४ अँपिअरचा गरीब दिवा? दहा तासांच्या एका रात्रीत चार अँपिअर-तास. बत्तीस वेळा सेल्फ मारावा इतकी वीज, तीही एकदासुद्धा "कट्" न म्हणता.

मोठा आवाज करून थोडं खाणारा बदनाम होतो आणि गप्प बसून रात्रभर खाणाऱ्याचं नावही निघत नाही. हा नियम मोटारीपुरता असता तर महापालिकेच्या अंदाजपत्रकावर दर वर्षी एवढे अग्रलेख लिहावे लागले नसते.

*

शेतकऱ्याच्या हातात माल विकल्यावर पट्टी पडते. कागद साधाच, पण वरची रक्कम खाली येईपर्यंत बारीक कशी झाली ते त्यावर ओळीओळीने लिहिलेलं असतं. हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडं. या ओळींवरून भांडणं झाली, मोर्चे निघाले, बाजार बंद पडले. काटा इलेक्ट्रॉनिक झाला तरी तोलाई कशाची, हा वाद यार्डात मुरलेला आहे. अडत शेतकऱ्याने द्यायची की खरेदीदाराने, यावर तर वर्षं गेली, आणि २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाल्याची अडत खरेदीदाराकडे वळवली. बरं झालं की वाईट झालं, हे दर गाळ्यावर वेगळं ऐकायला मिळेल. पण भांडता आलं, कारण कपातीची ओळ कागदावर होती.

बॅटरीचीही अशी पट्टी असते. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर आतल्या बाजूने ती छापलेली सापडते. कितव्या फ्यूजवर कोण बसलंय आणि त्याला किती अँपिअरची मुभा आहे, सगळं तिथे आहे: हॉर्न, वायपर, आतला दिवा, पंखा, रेडिओ. गाडी घेतल्यापासून ज्यांनी हे झाकण उघडून पाहिलंय त्यांनी हात वर करावेत. मिस्त्री मंडळींनी करू नयेत, त्यांचं ते कामच आहे. झालं, मोजणी संपली.

गंमत अशी की पट्टी काळजीपूर्वक वाचली तरी खरा खाणारा तिच्यात बहुधा सापडत नाही. गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसाची ती यादी. नंतर कोण कोण पाहुणे म्हणून आले आणि घरजावई होऊन राहिले, त्यांची नोंद कुणी केलेली नाही.

*

आधी हक्काचे घेणारे पाहू, म्हणजे त्यांच्यावर उगाच आळ नको.

शिसं आणि गंधकाम्ल यांची ही बॅटरी १८५९ सालची. गॅस्तों प्लांते या फ्रेंच माणसाने ती केली तेव्हा मोटार नावाची वस्तूच नव्हती. पुढे १९१२ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीला चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा सेल्फ लागला, तेव्हा बॅटरीकडे कामं तीन: इंजिन फिरवणं, ठिणगी देणं, दिवे लावणं. गाडी बंद की बॅटरीला सुट्टी. आपल्याकडे तर त्यानंतरही कित्येक वर्षं जीप आणि ॲम्बॅसिडरला समोरून हँडल मारून सुरू करायची सोय होती. बॅटरी रुसली तर मनगट कामाला यायचं.

आता गाडी बंद असली तरी तिच्यात वर्दळ असते. घड्याळ चालतं, संगणक आपली आठवण जपून ठेवतो, रिमोटची हाक कधी येईल म्हणून कुलूप कान टवकारून बसतं. धडधाकट गाडीत या सगळ्यांचं मिळून २० ते ५० मिलिअँपिअर होतं. पन्नासच धरा. पस्तीसची बॅटरी त्यावर ७०० तास, म्हणजे २९ दिवस पुरेल. पैकी तळाची वीज सेल्फच्या कामाची नसते, म्हणून दोन-तीन आठवडे म्हणा. ही कपात हक्काची आहे, तक्रार नाही.

या हिशोबावर २०२० चा उन्हाळा आठवून पाहा. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली आणि टप्प्याटप्प्याने ३१ मेपर्यंत लांबली. दिवस झाले ६८. महर्षीनगर असो की मुकुंदनगर, सोसायटीच्या वाहनतळावर ज्या गाड्या जागच्या हलल्या नाहीत, त्यांच्या निर्दोष बॅटऱ्या नुसत्या हक्काच्या कपातीने तळाला गेल्या. कुणी चोरी केली नाही, कुणी चुकलं नाही, आकड्याने आपलं काम केलं. मालकांचा निकाल मात्र तयार होता, "हल्ली मालच असा येतो." बॅटरी आपल्या चिंचवडच्या कारखान्यातली असली, तरी संशयाने समुद्र ओलांडून चीन गाठला होता.

*

आता घरजावई.

पहिला मान म्युझिक सिस्टिमचा. तिला विजेच्या दोन तारा लागतात. पिवळी कायम चालू, कारण तुमची आवडती स्टेशनं लक्षात ठेवायची असतात. लाल येते किल्लीच्या मागून, म्हणजे किल्ली काढली की यंत्राने झोपायचं. किल्लीमागची ती तार शोधायला डॅशबोर्ड उघडावा लागतो. दुकानात पुढचं गिऱ्हाईक उभं असतं. मग लाल आणि पिवळी एकत्र पिळायची, वर काळी टेप मारायची. गाणं वाजलं, गिऱ्हाईक खूश. फक्त त्या दिवसापासून यंत्राला वाटतं, मालक गाडीतच बसलाय. बिचारं सेवेत जागं राहतं.

दुसरी, मागच्या काचेवरची दिव्यांची पट्टी. 'आईचा आशीर्वाद'. मीटरभर लांब साधी एलईडी पट्टी पाच वॅटच्या आसपास घेते, म्हणजे वरचे तेच ०.४ अँपिअर. ती थेट बॅटरीवर जोडलेली असली की आशीर्वाद अहोरात्र चालू, गाडी रविवारी बंद.

तिसरा, फायनान्सवाल्याने बसवलेला ट्रॅकर. हप्ता चुकला तर गाडी सापडावी म्हणून तो अशा जागी लपवतात की मालकाला सापडू नये. पुढे हप्ते फिटतात, कागद हातात येतो, पेढे वाटले जातात. ट्रॅकर तिथेच. कर्ज फिटलं हे त्याला कुणी कळवलेलं नसतं. तो इमानाने उपग्रहांना आपला ठावठिकाणा विचारतो आणि तुमच्या खर्चाने फायनान्सवाल्याला कळवत राहतो.

चौथा कॅमेरा. गाडी उभी असताना कुणी घासून गेलं तर पुरावा हवा, म्हणून तो रात्रभर डोळे उघडे ठेवतो. चांगल्या कॅमेऱ्याला व्होल्ट ठरावीक पातळीखाली गेले की स्वतः बंद होण्याची सोय असते. ती सोय असलेला जरा महाग, म्हणून बिनसोयीचा घेतला जातो. सकाळी गाडी सुरूच होत नाही आणि मालकाकडे ती रात्रभर जागची हलली नाही याचा संपूर्ण चित्रित पुरावा असतो.

डॅशबोर्डवरच्या बाप्पामागे लुकलुकणारा दिवा असतो. मीटर हातात नसलेले तज्ज्ञ पहिलं बोट त्याच्याकडे दाखवतात, कारण तोच डोळ्यांना दिसतो. मोजलं तर तेवढ्या एका दिव्याचे वीसेक मिलिअँपिअर निघतात. बाप्पा निर्दोष. काचेवरचा फास्टॅगही निर्दोष. तो बॅटरीतून काडीचीही वीज घेत नाही, त्याची सगळी ओढ बँक खात्याकडे आहे.

घरचे भेदीही असतात, नाही असं नाही. डिकीचं झाकण लागलं तरी आतला दिवा विझत नाही, कारण खटका झिजलाय. तो दिवा बंद डिकीत विझतो की नाही हे पाहायला डिकी उघडावी लागते आणि उघडली की तो लागणारच. असा गुन्हेगार पोलिसांनाही सापडला नसता. यावर उपाय म्हणून मोबाइलचं चित्रीकरण चालू करून फोन आत ठेवायचा आणि झाकण लावायचं. शिवाय रिले चिकटतो, म्हणजे बटण बंद केलं तरी पंख्याची वीज चालूच. आणि ऑल्टरनेटरमधला डायोड गेला तर जो रोज बॅटरी भरतो, तोच रात्री तिला पिऊ लागतो. रात्रभर उभ्या गाडीचा ऑल्टरनेटर पहाटे हाताला कोमट लागला, तर समजावं की रात्रपाळी कोण करत होतं.

*

मग शोधायचं कसं? यात गुपित काही नाही. यार्डाच्या आसपासचा कुठलाही जुना वायरमन सांगेल, त्याला कुणी विचारलं तर.

पहिल्यांदा बॅटरी पूर्ण भरायची, काही तास स्वस्थ ठेवायची आणि व्होल्ट पाहायचे. आत सहा घरं, प्रत्येकात २.१ व्होल्ट, म्हणून १२.६ दिसले तर ती भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. आणि मीटरवर बरोबर बारा दिसले की मालक समाधानाने म्हणतो, "बाराची बॅटरी, बारा दाखवतेय, अजून काय हवं?" बारा व्होल्टच्या बॅटरीत बारा व्होल्ट उरले म्हणजे ती पावावर आली. डब्यावरच्या छापील आकड्यावर असा विश्वास आपण एरवी फक्त निवडणुकीच्या जाहीरनाम्यावर टाकतो.

दुसऱ्यांदा इंजिन चालू करून पाहायचं. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा आला तर चार्जिंग ठीक. तेच नसेल तर गळती शोधण्यात अर्थ नाही, टाकीत पाणीच येत नाहीये.

तिसरा भाग महत्त्वाचा. किल्ली काढायची, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडायची आणि तार व टर्मिनल यांच्यामध्ये मल्टिमीटर जोडायचा, दहा अँपिअरच्या खाचेत. आता गाडीत जाणारा प्रत्येक कण मीटरमधून जाईल. या अवस्थेत किल्ली फिरवायची नाही, सेल्फ मारायचा नाही. दहाच्या मीटरमधून दीडशे गेले तर मीटर आपला फ्यूज जाळून घेतो आणि मग बॅटरी कोण पितं याऐवजी मीटर कुणाचा होता यावर तंटा सुरू होतो. दार उघडं ठेवायचं असेल तर कुलपाचा खटका पेचकसाने आत ढकलायचा, म्हणजे गाडीला दार लागल्यासारखं वाटेल. रिमोटची किल्ली खिशात ठेवून जवळ घुटमळायचं नाही, नाहीतर गाडी "मालक आले" म्हणून उठून बसते.

आणि मग थांबायचं. गाडीतले संगणक किल्ली काढली की लगेच झोपत नाहीत. एक-एक आवराआवर करून डुलक्या घेत झोपी जायला त्यांना वीस मिनिटं ते तासभर लागतो. मीटर सुरुवातीला दोन-तीन अँपिअर दाखवतो आणि पायरी-पायरीने खाली येतो. तो पुरता खाली येईपर्यंतचा आकडा खोटा.

तपास इथेच फसतो. मार्केट यार्डात उभ्या गाडीला अर्धा तास कुणी हात लावला नाही, असं घडत नाही. पाचव्या मिनिटाला कुणीतरी तंबाखूची पुडी राहिली म्हणून दार उघडतो. आठव्या मिनिटाला मागचा टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून "ए, गाडी काढ" म्हणतो. बाराव्या मिनिटाला मालकाला स्वतःलाच मोबाइल चार्जिंगला लावायची आठवण होते. दर वेळी गाडी दचकून जागी होते, मीटर उसळतो, आणि जमलेले सगळे एकमताने म्हणतात, "बघा, केवढं खातेय!" खात काही नाही. तुम्ही तिला झोपू देत नाही आहात. गाडीला झोप लागेपर्यंत मालकाने नुसतं गप्प बसायचं, ही अट पुण्यात भल्याभल्यांना जड जाते.

ती पाळली तर उरलेलं सोपं आहे. झोपलेल्या गाडीचा आकडा ०.०३ च्या घरात असेल तर गळती नाही. ०.४३ असेल तर आहे. आता एक-एक फ्यूज काढायचा आणि मीटरकडे पाहायचं. ज्या फ्यूजवर आकडा धाडकन खाली येईल, चोर त्या ओळीत आहे. सगळे काढूनही आकडा ढिम्म राहिला, तर चोर फ्यूज बॉक्सच्या बाहेर, म्हणजे ऑल्टरनेटर तरी किंवा कुणीतरी थेट बॅटरीवर आकडा टाकून घेतलेली जोडणी तरी. तार हाताने धरून मागे मागे जायचं. शेवटी काळी टेप भेटते.

*

एवढं कोण करतो? बॅटरीला दुकानात नेलं जातं. तिथे तिच्यावर तपासणीचं यंत्र लावतात आणि चिठ्ठी येते: बॅटरी खराब. चिठ्ठी खरीच असते. शिशाची बॅटरी वारंवार तळाला गेली आणि तशीच पडून राहिली, की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात, ते मग चार्जिंगने विरघळत नाहीत. म्हणजे बॅटरी गेली हे नक्की, पण ती आजारी होती म्हणून गेली की तिला रोज रात्री कुणी पीत होतं म्हणून, हे त्या चिठ्ठीत नसतं. मयताचा दाखला मिळतो, पंचनामा होत नाही.

नवी बॅटरी बसते. गळती जुनीच, पण नव्या बॅटरीत जीव जास्त, म्हणून काही महिने रविवारही नीट जातात. मालक म्हणतो, "बघा, बॅटरीच होती." पुढे पुन्हा "कट्". या वेळी वॉरंटी कार्ड शोधलं जातं. बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हमी आहे ती कारखान्यातल्या दोषाला, गाडीतल्या गळतीला नाही. दुकानदार बॅटरी ठेवून घेतो, भरतो, परत देतो: "चांगली आहे, घेऊन जा." दोघेही खरं बोलत असतात आणि दोघेही एकमेकांना लबाड समजत असतात.

मेलेल्या बॅटरीचं एक मात्र भाग्य. जुनी बॅटरी विक्रेत्याने परत घ्यावी असा नियम २००१ मध्येच झाला, २०२२ मध्ये बॅटरीच्या कचऱ्याचे नवे नियम आले, आणि त्याही आधीपासून भंगारवाला तिला शिशासाठी ओळखतो. तो तिला काट्यावर ठेवतो. किती किलो, किती ग्रॅम, काय भाव. जिवंतपणी जिच्यात कुणी मीटर घातला नाही, तिचं मेल्यावर चोख वजन होतं.

*

गुलटेकडीला गुळाला गाळा आहे, मिरचीला आहे, फुलांना स्वतंत्र बाजार आहे. बाहेर पडलं की बॅटरीला दुकान आहे, दिव्यांच्या पट्टीला आहे, म्युझिक सिस्टिमला आहे, आणि फोन केला तर जंपर घेऊन येणारा पोरगाही आहे. कारणाला मात्र गाळा नाही.

यात दुकानदारांचा कट शोधू नये. बॅटरीवाला बॅटरी विकतो, त्याने फ्यूज का काढत बसावं? कारण विकायला कुणी बसत नाही, याचं कारण गिऱ्हाईक आहे. नवा डबा साडेचार हजारांचा असो की पाच हजारांचा, मालक घासाघीस न करता देतो. डबा हातात येतो, जड लागतो, वर चकचकीत स्टिकर असतं. वायरमनने दोन तास बसून, गाडी झोपवून, वीस फ्यूज काढून-घालून, डॅशबोर्ड उघडून एक लाल तार पिवळीपासून सोडवली आणि सहाशे रुपये मागितले, की तोच मालक तारेकडे पाहतो, मिस्त्रीकडे पाहतो आणि म्हणतो, "एवढ्याशा तारेचे सहाशे? तीनशे घे मामा, नेहमीचं गिऱ्हाईक आहे."

मामा तीनशे घेतो. आणि शहाणा होतो. पुढची उतरलेली बॅटरी दारात आली की तो मीटर खोक्यातच ठेवतो. वरवर हात फिरवून म्हणतो, "बॅटरी गेलीय शेठ, नवी टाका." त्याला दुकानाकडून दोनशे मिळतात, शेठला पावती मिळते, कुणाचा अपमान होत नाही.

याच शहरात हमालांनी आपल्या पाठीवरच्या वजनाला दर मिळावा म्हणून झगडा केला. बाबा आढावांची हमाल पंचायत त्यासाठी उभी राहिली, आणि हमाल-माथाडींच्या लढ्यांमुळे १९६९ चा माथाडी कायदा झाला. पोतं डोळ्यांना दिसतं, तरीही त्याला दर लागायला एवढं करावं लागलं. डोक्याने शोधलेल्या कारणाचं पोतं होत नाही. ते पाठीवर घेता येत नाही, काट्यावर चढवता येत नाही. दोन तासांच्या शोधानंतर हातात काय उरतं, तर टेपचा एक तुकडा. त्याला कोण दर देणार?

तेव्हा येत्या रविवारी पहाटे सेल्फ "कट्" म्हणाला की धक्का मारून घ्या, माल पोहोचवा, आणि सोमवारी दुपारी मिस्त्रीला गाठा. बॅटरी केवढ्याला, हे नंतर विचारा. आधी विचारा, "शोधायचे किती घेशील?" तो जो आकडा सांगेल तो द्या. घासाघीस केल्याशिवाय घरी जाववतच नसेल, तर भाजीबाजार पलीकडेच आहे. कांद्यात करा.